बत्तीस पोस्टमन, एक पत्र

बाईंनी बटण दाबले. पडद्यावर निळे वर्तुळ फिरू लागले, तशी त्यांनी टेबलाखालच्या पिशवीतून सुया आणि राखाडी लोकर काढली. अर्धी ओळ विणून झाली तरी वर्तुळ फिरतच होते. ते थांबल्यावर त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या, पडद्यावरच्या झाकणाची कड निरखली, एक आकडा बदलला, पुन्हा बटण दाबले आणि पुन्हा सुया हातात घेतल्या.

"काय बाई, दुकान घालताय की काय स्वेटरचं?" साहेब मागून जाता जाता म्हणाले.

"अजून एक बाही व्हायचीय साहेब. झाली की पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच."

बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि ते पुढे गेले.

शेजारच्या टेबलाखाली मास्तर गुडघ्यांवर बसून एक सैल वायर बसवत होता. साहेबांचे बूट दाराशी थांबलेले त्याला दिसले. दाराजवळ चित्रकाराचे टेबल होते.

"एवढं भारी मशीन घेऊन दिलं," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "आणि या विणत बसतात. वय झालं रे आता बाईंचं."

चित्रकार काहीतरी पुटपुटला. बूट निघून गेले. मास्तराच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि तो बराच वेळ फरशीवर हाताने चाचपत राहिला. स्क्रू समोरच होता.

तो टेबलाखालून बाहेर आला तेव्हा बाई त्याच्याकडेच पाहत होत्या.

"मास्तर, एक विचारू? हे मशीन माझ्यावर रुसलंय का हो?"

"छे हो बाई. नवीन आहे. सवय व्हायला वेळ लागतो."

"तीन महिने झाले."

"लागतो कधी कधी," मास्तर म्हणाला आणि हातपुसणे घेऊन आपल्या खोलीकडे निघाला.

त्याला खरे कारण ठाऊक होते. त्या दिवशी ते ठाऊक होऊन चार दिवस झाले होते.

*

हे ऑफिस साच्यांची रेखाटने करायचे. प्लास्टिकची कोणतीही वस्तू घ्या, बाटलीचे झाकण किंवा खेळण्यातले चाक. ती तयार होण्याआधी तिच्या आकाराची पोकळी लोखंडात कोरावी लागते. त्या पोकळीत वितळलेले प्लास्टिक ओततात, ते थंड झाले की वस्तू बाहेर पडते. ही पोकळी म्हणजे साचा. साचा एकदा लोखंडात कोरला की चूक दुरुस्त करणे जवळपास अशक्य, म्हणून आधी तो पडद्यावर केसाच्या जाडीपर्यंत बिनचूक करावा लागतो. बाई हेच काम सव्वीस वर्षे करत होत्या. आल्या तेव्हा पेन्सिल आणि मोठा तिरका फळा होता. पुढे फळा गेला, संगणक आला. बाई ते शिकल्या. तोही तीनदा बदलला, बाई तीनदा शिकल्या.

संगणक सांभाळायचे काम मास्तराचे. शाळेत तो कधीच शिकवायला नव्हता. पण सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या मुलांना ओट्यावर बसवून गणित आणि विज्ञान शिकवायचा आणि ऑफिसातही कोणाचे काही अडले की नुसते दुरुस्त करून न देता का अडले ते सांगत बसायचा. म्हणून तो मास्तर. हे नाव त्याला आवडायचे. समजावून सांगण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असे त्याला मनातून वाटे, आणि ते खोटेही नव्हते.

तीन महिन्यांपूर्वी बाईंचे जुने यंत्र एका सकाळी जळका वास सोडून बंद पडले. नव्यासाठी साहेबांनी रक्कम ठरवून दिली आणि निवड मास्तरावर सोपवली. ठरलेल्या रकमेत दोन गोष्टी बसत होत्या. एक, नवा कोरा प्रोसेसर, आठ कोअरचा. दुसरा सहा वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या यंत्रघरातून निघालेला, पण बत्तीस कोअरचा.

प्रोसेसर म्हणजे संगणकातला हिशेब करणारा भाग, आणि कोअर म्हणजे त्यातला एकेक कामकरी. आठ कोअर म्हणजे आठ कामकरी, बत्तीस कोअर म्हणजे बत्तीस. नव्या प्रोसेसरमधला प्रत्येक कामकरी चपळ होता. जुन्यातला प्रत्येक जण सावकाश काम करणारा होता, पण ते बत्तीस होते.

हा बत्तीस कोअरचा प्रोसेसर बाजारात नवा आला तेव्हा मास्तराने त्याचा फोटो मासिकातून कापून हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. असली वस्तू तेव्हा फक्त फोटोत बघायची. तळहाताएवढा चौकोन, त्यावर कोरलेला क्रमांक. सहा वर्षे कपाट उघडले की तो समोर यायचा. आता तो हातात येणार होता. मास्तराने आठ कोअरच्या माहितीपत्रकावर नजरही नीट टाकली नाही. हे त्याने पुढे स्वतःशी कबूल केले, पण तेव्हा नाही.

साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, चित्रकार, बाई आणि मास्तर. चित्रकार म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायची रंगीत चित्रे करणारा मुलगा. वस्तू तयार होण्याआधीच तो तिचे असे चित्र करायचा की ती टेबलावर ठेवल्यासारखी दिसे.

"समजा," मास्तर उभा राहून म्हणाला, "गावात पत्रं वाटायची आहेत. आठ पोस्टमन धावतायत. दुसरीकडे बत्तीस पोस्टमन नुसते चालतायत. संध्याकाळपर्यंत जास्त पत्रं कोण वाटेल?"

"बत्तीस!" चित्रकार शाळेतल्या मुलासारखा हात वर करून म्हणाला.

"शाब्बास. बस खाली."

साहेब हसले. त्यांना उदाहरण आवडले होते. बाई मात्र हनुवटीवर बोट ठेवून विचार करत होत्या.

"पण मास्तर," त्या म्हणाल्या, "माझं पत्र तर एकच असतं ना?"

मग चित्रकार फिस्सकन हसला, साहेब हसले आणि मास्तरही हसला.

"बाई, तुम्ही साचे बघा. पोस्ट आम्ही बघतो."

बाईसुद्धा हसल्या. मान किंचित खाली घालून. यंत्र आले त्या दिवशी मास्तराने सगळ्यांना बोलावून चित्रकाराचे एक मोठे चित्र त्यावर करायला लावले. पडद्यावर कोअरची खिडकी उघडली. बत्तीस छोटे चौकोन. एका झटक्यात बत्तीसही चौकोन हिरवे गच्च भरले आणि एरवी तासभर चालणारे चित्र नऊ मिनिटांत तयार झाले. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या बाईंनी वाजवल्या.

*

बाईंकडे तेव्हा औषधाच्या बाटलीच्या झाकणाचे काम होते. साधे झाकण नव्हे. लहान मुलाला उघडता येता कामा नये आणि म्हाताऱ्या माणसाला उघडता आले पाहिजे, असे. दाबायचे आणि दाबून धरून फिरवायचे. किती दाब म्हणजे मुलाच्या हाताला जमणार नाही पण वाकड्या बोटांना जमेल, यासाठी बाई नमुन्याची झाकणे पिशवीतून घरी न्यायच्या. त्यांच्याबरोबर त्यांची मावशी राहायची. तिची बोटे सांध्यांत सुजून वळलेली. रोज सकाळी बाई येऊन सांगायच्या, "कालचं मावशीला उघडलं. पण फार चटकन उघडलं. पोरगंही उघडेल." सव्वीस वर्षांत त्यांनी शेकडो साचे केले होते, पण असे रंगून बोलताना त्यांना कोणी पाहिले नव्हते.

काम मात्र पुढे सरकेना. गिऱ्हाइकाने तारीख एकदा वाढवून दिली, मग दुसऱ्यांदा. बाईंनी स्वेटर विणायला घेतला तो याच दिवसांत.

मास्तराला ते कळले एका गुरुवारी दुपारी. सगळे जेवायला गेले होते. बाईंच्या यंत्राचा पंखा आवाज करतो म्हणून तो बघायला बसला आणि सहज त्याने कोअरची खिडकी उघडून झाकणाच्या फाइलचे बटण दाबले.

बत्तीस चौकोन. त्यातला एक गच्च भरला. एकतीस रिकामे राहिले.

त्याला वाटले खिडकीत काही बिघाड असेल. त्याने पुन्हा बटण दाबले. निळे वर्तुळ फिरत होते आणि एकच चौकोन हिरवा होता. तो जणू घामाघूम झाला होता आणि बाकीचे एकतीस हाताची घडी घालून उभे होते. पन्नास सेकंद.

मग त्याने तीच फाइल चित्रकाराच्या टेबलावरच्या साध्या यंत्रावर उघडली. अठरा सेकंद.

आता ते कोणालाही समजावून सांगता आले असते, गल्लीतल्या सगळ्यांत लहान मुलालाही. झाकण एकशे चाळीस पायऱ्यांत बनले होते. आधी गोल, मग त्याला जाडी, मग आतले आटे, मग आट्यांवरचा दात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. चौथ्या पायरीला जाडी बदलली की पाचवी नव्याने करायची, ती झाल्याशिवाय सहावीला हात लावता येत नाही, असे शेवटपर्यंत. अशा कामात बत्तीस जण असून उपयोग नाही. स्वेटरची एक ओळ जशी एकाच जोडी हातांनी विणावी लागते, तसे ते होते. चित्राचे वेगळे. चित्राचे तुकडे करून बत्तीस जणांत वाटता येतात. पण चित्र महिन्यातून दोनदा व्हायचे आणि बाई ते बटण दिवसातून दोनशे वेळा दाबायच्या.

माझं पत्र तर एकच असतं ना.

बाहेर जिन्यावर बाईंचा आवाज आला. मास्तराने कोअरची खिडकी घाईघाईने बंद केली. त्या आत आल्या तेव्हा तो पंख्यावरची धूळ पुसत होता.

"झाला का बरा?" बाईंनी विचारले.

"झाला," मास्तर म्हणाला.

*

आधी दुरुस्त करू, मग सांगू, असे त्याने ठरवले. शुक्रवारी सगळे गेल्यावर त्याने प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा लेप बदलला, नवी मेमरी बसवली, काही कोअर बंद करून उरलेले थोडे जोरात पळतात का ते पाहिले. पन्नासाचे सत्तेचाळीस सेकंद झाले. सत्तेचाळीस झाल्याचे त्याने सोमवारी बाईंना सांगितले नाही. त्याच सोमवारी साहेब दाराशी वयाबद्दल बोलले आणि बाईंनी मशीन रुसल्याचे विचारले.

मंगळवारी बाई एक नवी कोरी वही घेऊन त्याच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, शिकवणी लावायचीय."

"कसली?"

"चूक माझ्यातच असणार. पोरं झरझर करतात, मी हळू पडते. तुम्ही रोज अर्धा तास द्या मला. लवकर येईन मी सकाळी."

त्याच वेळी सांगता आले असते. तोंड उघडलेही होते त्याने. पण बाईंच्या मागे चित्रकार उभा होता, साहेबांच्या खोलीचे दार उघडे होते आणि तोंडातून आले ते एवढेच, "या की. आठ वाजता या."

बाई पावणेआठला आल्या. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर वर उजवीकडे तारीख लिहिली, खाली रेघ ओढली आणि शाळकरी मुलीसारखी लेखणी धरून त्याच्याकडे पाहिले. मास्तराने त्यांना दोन बोटांनी दाबायच्या कळा शिकवल्या. एका कळेने वळवायचे, दोन कळांनी मागे जायचे. सगळ्या खऱ्या होत्या, उपयोगाच्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून दिवसाची दोन मिनिटेही वाचवणार नव्हत्या. बाई सगळे लिहून घेत होत्या. एखादी कळ पहिल्यांदा जमली की "अगं बाई!" म्हणत होत्या. मास्तराला त्यांच्याकडे पाहवत नव्हते. तो पडद्याकडे पाहून शिकवत राहिला.

"तुम्ही फार छान सांगता," तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. "मावशीला सांगत होते मी काल. म्हटलं, असे मास्तर लहानपणी मिळाले असते तर मी कुठच्या कुठे गेले असते."

त्या दिवशी मास्तर जेवला नाही. डबा तसाच घरी नेला.

"काय झालं?" बायकोने डबा उघडून पाहत विचारले.

आधी तो काही नाही म्हणाला. मग सगळे बोलला. पोस्टमनचे, पत्राचे, हसण्याचे, चौकोनाचे. बायको धुतलेले कपडे घडी घालत ऐकत होती.

"मग सांगून टाका की."

"सांगणार आहे."

"कधी? शिकवणी संपली की प्रमाणपत्राबरोबर?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. ओट्यावर एखादं पोर दुसऱ्याच्या प्रश्नाला हसलं, की तुम्ही त्याला काय करता?"

मास्तराने उघडा डबा पुन्हा बंद केला.

"भिंतीकडे तोंड करून उभं करता. मी स्वयंपाकघरातून बघते ना. परवा त्या दात पडलेल्या पोरीला केलंत. रडली बिचारी."

"मी काही हसण्यासाठी हसलो नव्हतो."

"तीसुद्धा हेच म्हणत होती," बायको म्हणाली आणि कपड्यांचा गठ्ठा उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सांगायचे त्याने पक्के केले. पण दुसऱ्या दिवशी साहेब बाहेरगावी होते. साहेब आले त्या दिवशी बाईंना ताप होता. बाई आल्या त्या दिवशी पावणेआठलाच वही उघडून बसल्या होत्या आणि आदल्या दिवशीचा धडा बुडाला म्हणून दोन धडे एकदम द्या म्हणत होत्या. त्याने दिले.

*

त्याच दिवशी, म्हणजे पुढच्या मंगळवारी, अकराच्या सुमारास साहेबांनी दोघांना एकदम बोलावले. टेबलावर नमुन्याचे एक पांढरे झाकण होते. साहेब ते बोटांत फिरवत होते.

"बसा बाई. मास्तर, तुम्हीही बसा." साहेबांनी झाकण खाली ठेवले. "झाकणाचं काम गेलं. काल त्यांचा निरोप आला. दुसऱ्या ऑफिसला दिलं त्यांनी."

बाईंनी झाकणाकडे पाहिले.

"मी हळू पडले, साहेब," त्या म्हणाल्या. "शिकतेय मी. मास्तर शिकवतायत. पण या वेळेला नाही जमलं."

"तुम्हाला दोष देत नाही मी. सव्वीस वर्षं केलंत तुम्ही. पण आता मला वाटतं, तुम्ही नकलाखोली सांभाळावी. जुनी रेखाटनं लावायची, कोणी मागितली की काढून द्यायची. घाई नाही, तारखा नाहीत. एका परीनं आरामच."

नकलाखोली तळमजल्यावर होती. तिथे खिडकी नव्हती. बाईंनी हळूच मान हलवली. हो म्हणाल्या की नुसती हलवली, ते कळले नाही.

"मास्तर, तुम्हाला एवढ्यासाठी बोलावलं, की बाईंचं मशीन आता कोणाच्या टेबलावर द्यायचं ते सांगा. भारी मशीन आहे, पडून राहायला नको."

"कोणालाच नको," मास्तर म्हणाला.

"म्हणजे?"

मास्तर उभा राहिला. बैठकीच्या वेळी उभा राहिला होता त्याच जागी. त्याला बसूनच बोलायचे होते, पण पाय उभे राहिले.

"साचे करणाऱ्या कोणालाच नको. बाई हळू नाहीत साहेब. मशीन हळू आहे. बाईंच्या कामात त्यातला एकच कोअर चालतो, आणि तोही जुना, सावकाश. बाकीचे एकतीस नुसते बसून असतात. चित्रकाराच्या साध्या मशीनवर बाईंचं काम जवळजवळ तिप्पट वेगानं होतं. मी मोजलंय."

"पण तुम्हीच तर म्हणालात, बत्तीस पोस्टमन..."

"हो. उदाहरण चुकीचं होतं. बाईंनी तेव्हाच विचारलं होतं, पत्र एकच आहे म्हणून. बरोबर तेच विचारलं होतं. मी हसलो."

साहेब खुर्चीत मागे टेकले. पंखा फिरत होता. बाईंनी पहिल्यांदाच झाकणावरून नजर काढून मास्तराकडे पाहिले.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारले. आवाज साधा होता. रोज धडा विचारायच्या तसाच.

खोटे सांगायला अजूनही जागा होती. काल म्हटले असते तरी कोणाला कळणार नव्हते.

"मागच्याच्या मागच्या गुरुवारी," मास्तर म्हणाला. "बारा दिवस झाले."

"बारा दिवसांपूर्वी सांगितलं असतंत," साहेब म्हणाले, त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता हिशेब होता, "तर त्याच दिवशी चित्रकाराचं मशीन यांना दिलं असतं. झाकण आपल्याकडे राहिलं असतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"



बाई उठल्या. बाहेर गेल्या. नकलाखोलीचे रद्द झाले असे साहेब त्यांच्या पाठीमागून म्हणाले, ते त्यांनी ऐकले की नाही कोण जाणे. मिनिटभराने त्या परत आल्या, हातात वही होती. ती त्यांनी मास्तरासमोर टेबलाच्या कडेला नीट सरळ करून ठेवली.

"मला तारखा घालायची सवय आहे," त्या म्हणाल्या. "ही सगळीच पानं त्या गुरुवारनंतरची निघाली. राहू दे तुमच्याकडेच."

मग त्यांनी टेबलावरचे पांढरे झाकण उचलले. "हे मी नेते साहेब. मावशीला आजचं दाखवायचं राहिलंय."

*

बत्तीस कोअरचे यंत्र चित्रकाराला गेले. त्याची चित्रे आता पटापट होतात आणि तो खूश आहे. एकदा तो मास्तराला म्हणाला, "मास्तर, एवढं लावून कशाला घेता? मशीन वाया थोडंच गेलं?" मास्तर हो म्हणाला.

बाईंसाठी नवे यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा मास्तराने कुठलेही उदाहरण दिले नाही. झाकणाची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन तो दुकानात गेला आणि चार यंत्रांवर ती उघडून घड्याळ लावून बसला. निघण्याआधी तो बाईंच्या टेबलाशी गेला होता.

"तुम्ही येता का बरोबर? तुमच्यासमोरच मोजू."

"तुम्हीच जा," बाई म्हणाल्या. कडवटपणा नव्हता. त्या कुठल्याशा कागदावर आकडे लिहीत होत्या आणि लिहीतच राहिल्या.

परत आल्यावर त्याने हत्यारांचे कपाट उघडले आणि आतला फोटो ओढून काढला. सहा वर्षांचा गोंद. मधला भाग निघाला, चार कोपरे दाराला चिकटून राहिले. त्याखालच्या फळीवर त्याने बाईंची वही ठेवली. ओट्यावरची शिकवणी चालू होती, पण त्या दात पडलेल्या मुलीला त्याने पुन्हा भिंतीकडे उभे केले नाही. ती कशाला हसली, ते तो आता आधी विचारायचा.

नवे यंत्र सोमवारी लागले. बाईंकडे आता बादलीच्या कडीचे काम होते. सोपी वस्तू, अशा त्यांनी पन्नास केल्या असतील. मास्तर सगळ्या वायरी बसवून, मागे स्टुलावर बसून राहिला. काही अडले तर असावे म्हणून. बाईंनी कडीची जाडी बदलली आणि बटण दाबले.

त्यांचा डावा हात आपसूक टेबलाखाली गेला. पिशवीच्या तोंडातून सुया वर आलेल्या होत्या, राखाडी स्वेटरला अजून एकच बाही होती. बोटे सुयांना लागली न लागली, तोवर पडद्यावर कडी तयार होऊन उभी होती.

हात तिथेच थांबला. मग रिकामाच वर आला आणि कळफलकावर जाऊन बसला.

मास्तर स्टुलावर बाईंनी काही विचारायची वाट पाहत होता. त्यांनी पुढचा आकडा बदलला.